तात्यांच्या फडताळातली वाटणी

शेवंताला, माझ्या थोरल्या मुलीला, जुळं झालं ते साल १९९८. एक मुलगा, एक मुलगी. सोलापूरहून फोन आला तो सकाळीच. मिठाईचं दुकान उघडेपर्यंत मी फळीसमोर उभा राहिलो. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, अशी आपल्याकडची रीत. जुळ्याला काय द्यायचं ते दुकानदारालाही सुचेना. शेवटी त्यानं एकाच खोक्यात मधे पुठ्ठा उभा करून एका बाजूला पेढे, दुसऱ्या बाजूला बर्फी भरून दिली.

आमचं ऑफिस सातारा रस्त्यावर, टायर रिमोल्डच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात कायम जळक्या रबराचा वास. खोकं छातीशी धरून मी वर गेलो. अविनाश खांबेटे संगणकाच्या पडद्यापुढं वाकून बसला होता, कुंदाताई सबनीस त्याच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. परचुरे सर आपल्या खोलीच्या दारात होते. आमची ती कंपनी त्यांचीच. कोपऱ्यातल्या टेबलाशी नसीम बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"आजोबा झालो," मी म्हटलं. "एकदम दोघांचा."

"अभिनंदन तात्या," अविनाश म्हणाला, पण मान वळवली नाही.

"काय झालंय?"

"काल संध्याकाळपर्यंत चालत होता. आज सकाळपासून काही गोष्टी दोनदा ओकतोय. आणि पाच वाजता पाठवायचाय."

हे कंपायलरबद्दल होतं. माणूस एका भाषेत प्रोग्राम लिहितो, तो यंत्राला चालवता येईल असा उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही नऊ वर्षं तो बांधत होतो. ती भाषा अशी, की तिच्यात सगळं काम छोट्या छोट्या फंक्शनांनी व्हायचं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या.

खुद्द कंपायलर मी लिहीत नव्हतो. ते काम सर, अविनाश आणि कुंदाताई यांचं. त्यांना तिघांनाही हरघडी लागणारी किडूकमिडूक अवजारं माझ्याकडं होती. यादीतून नको ते गाळणं, दोन याद्या एकमेकींत गुंफणं, यादी दुमडत नेऊन एकच उत्तर काढणं, लांब यादीचे सारखे गट पाडणं. प्रत्येकानं आपापली लिहीत बसू नये म्हणून ती एका ठिकाणी ठेवलेली. मी त्यांना मराठी नावं दिली होती. चाळणी, सांधणी, दुमड, वाटणी. त्या सगळ्या जागेला ऑफिसात 'तात्यांचं फडताळ' म्हणायचे.

"तुमच्या फडताळात हात घातलाय," अविनाश म्हणाला. "वाटणी बदललीय."

"कुणी?"

नसीम उभी राहिली.

नसीम शिकलगार चार महिन्यांपूर्वी मिरजेहून आली होती. तिच्या वडिलांचं तिथं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान. चुलत्यांनी तिचं लग्न ठरवत आणलं होतं. वडील मधे पडले आणि म्हणाले, सहा महिने थांबा, पोरगी पुण्यात नोकरीत पक्की झाली तर कुणी काही बोलायचं नाही. नाही झाली तर मग तुमचंच ऐकू. हे सगळं तिनं आम्हाला पहिल्याच आठवड्यात, डबा खाताना, हसत सांगितलं होतं.

"मी बदलली तात्या," ती म्हणाली. "शेवटचा तुकडा पडत होता. नीट केलं."

"कुणाला विचारून?"

"अविनाशदादांना विचारलं होतं."

"मी म्हटलं होतं राहू दे," अविनाश म्हणाला.

"राहू दे म्हणालात. का, ते नाही सांगितलं."

मी खोकं तिच्याच टेबलावर ठेवलं आणि बोलायला लागलो. काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी यंत्रावर बसतो, हे म्हणालो. पाहुण्यानं स्वयंपाकघरात शिरून भांडी हलवू नयेत, हेही म्हणालो. माझा आवाज खालच्या टायरवाल्यालाही गेला असणार. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "दाखवू का?"

"काय दाखवणार?"

तिनं खोक्याचं झाकण काढलं आणि पेढे एकेक करून टेबलावर रांगेत मांडले. "हे अकरा. चार-चारच्या वाटण्या करायच्या. तुमची वाटणी काय करते बघा की. हे चार. हे चार." राहिलेले तीन तिनं टेबलाच्या कडेवरून खाली सरकवले आणि दुसऱ्या हातात झेलले. "आणि हे गेले. चाराचा गट होत नाही म्हणून सोडून दिले. यादीत होते, उत्तरात नाहीत."

मला तिथंच दिसलं. मी फंक्शन लिहिलं तेव्हा ते मोजून आठावर, बारावर चालवून बघितलं होतं. नेहमी पुरते गट होतील अशा आकड्यांवर. उरलेल्यांचं काय करायचं याचा विचारच केला नव्हता. तिचं बरोबर होतं. हे कळायला मला पेढ्यांची रांग पुरली.

पण मी म्हणालो, "नऊ वर्षं चालतंय ते. आजवर कुणाचं काही पडलं नाही. विचार यांना."

मी तिघांकडं बघितलं. कुंदाताई चष्मा पुसायला लागल्या. अविनाश कळफलकावरची धूळ नखानं काढत होता. सर खिडकीकडं बघत होते. ते माझ्या बाजूनं आहेत असं मी धरलं.

"अविनाश, जुनी परत टाक," सर म्हणाले. "नसीम, जरा आत ये."

दार लागलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि आपला डबा, छत्री, ओढणी गोळा करू लागली. सर तिच्यामागून आले आणि आम्हाला म्हणाले, "नसीमला आपण पुढं ठेवत नाही. पाठवायच्या दिवशी न विचारता बदल, हे चालणार नाही."

ती माझ्या टेबलाशी थांबली. "अभिनंदन तात्या. सकाळी म्हणायचं राहिलं." आणि जिना उतरून गेली.

जुनी वाटणी घातल्यावर कंपायलर सुतासारखा सरळ चालला. दुपारपर्यंत सगळ्या चाचण्या झाल्या. कुंदाताईंनी पेढे-बर्फी वाटली. टेबलावर मांडलेले पेढेही त्यांनीच उचलून खोक्यात घातले. सगळे मला जुळ्यांची नावं काय ठेवणार विचारत होते आणि मी सांगत होतो.

बर्फीचा तुकडा तोंडात असताना मला प्रश्न पडला. वाटणी टोक गाळते, हे खरं. मग नऊ वर्षं आमची टोकं गेली कुठं? आणि टोक न गाळणारी वाटणी घातल्यावर बिघडलं कसं?

दुसऱ्याचं लिहिलेलं मी कधी उघडून वाचत नसे. एक तर मी सावकाश वाचतो, ओठ हलवत, अजूनही. आणि दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं. त्या दुपारी पहिल्यांदा अविनाशचं काम उघडलं. वाटणी जिथं जिथं वापरली होती तिथं थांबून वाचत गेलो.

पहिल्याच ठिकाणी सापडलं. अविनाश माझ्या वाटणीकडून गट पाडून घ्यायचा, मग मूळ यादीकडं परत जाऊन गळलेलं टोक शोधायचा आणि ते स्वतःच्या हातानं मागं जोडायचा. दुसऱ्या ठिकाणीही तेच. कुंदाताईंच्या कामात रीत थोडी निराळी, पण ठिगळ तेच. म्हणून तर नसीमनं वाटणी नीट केल्यावर टोक दोनदा आलं. एकदा माझ्या फंक्शनातून, एकदा यांच्या ठिगळातून.

शेवटी सरांचं काम उघडलं. त्यांचं ठिगळ सगळ्यांत जुनं होतं. फाइलवरची तारीख १९८९ची, मी वाटणी लिहिली त्यानंतरच्या महिन्याची.

मी उठून त्यांच्या खोलीत गेलो. दार ओढून घेतलं.

"सर, वाटणी टोक गाळते हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी पेन ठेवलं. "बसा तात्या."

"उभाच बरा आहे."

"होतं ठाऊक."

"पहिल्या वर्षापासून."

"हो."

"मग मला सांगितलं का नाही?"

सर खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले, "वाटणी लिहिलीत त्या आठवड्यात जर्मनीचे लोक आले होते. आठवतंय? तुमच्या टेबलाशी आणलं होतं मी त्यांना."

आठवत होतं. नुसता तोच दिवस नाही. कुणीही पाहुणा आला की सर त्याला आधी माझ्या टेबलाशी आणायचे. "हे यल्लाप्पा धोत्रे. वडार समाजातले. खाणीवर दगड फोडायचे. अठराव्या वर्षी कारखान्यातल्या प्रौढवर्गात अक्षरं शिकले, पंचकार्डाच्या मशीनवर बसले, आणि आज बघा काय लिहितात." मी उठून हात जोडायचो. पाहुणे हात हातात घ्यायचे. हे मला आवडायचं. घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज दोघे आले होते.

"त्यांना मी तुमची वाटणी दाखवली," सर म्हणाले. "मग महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं, की टोक गळतंय. म्हटलं आता कसं सांगू? तुमचं मन मोडलं असतं. माझं माझ्याकडं जोडून घेतलं आणि पुढं गेलो."

"आणि अविनाश?"

"त्यानं आल्या आल्या मला दाखवलं. मी म्हटलं, तूही तुझ्याकडं जोडून घे, तात्यांना बोलू नकोस. कुंदाला त्यानं सांगितलं. नवीन माणूस आलं की कुणीतरी त्याला सांगायचं, अशी पद्धतच पडली."

"नसीमला?"

"राहून गेलं. अविनाशला वाटलं कुंदानं सांगितलं असेल, कुंदाला वाटलं अविनाशनं."

खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला. तो थांबेपर्यंत दोघेही थांबलो.

"सर, हीच चूक अविनाशनं केली असती तर?"

"अविनाशनं?" त्यांना एवढं नवल वाटलं, की उत्तर निसटलं. "त्याला तिथल्या तिथं झापला असता. तासाभरात दुरुस्त करून आणली असती त्यानं."

हे बोलून गेल्यावर ते काय बोलले ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. मी घेतला नाही.

"वाटणीसारखं आणखी काय काय आहे फडताळात?"

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "आहे थोडं," ते म्हणाले.

खाणीवर असताना मुकादमानं मला सगळ्यांपुढं कानफटात दिली होती, सुरुंगाचं भोक वाकडं पाडलं म्हणून. तेव्हा मी चौदाचा होतो. संध्याकाळी तोच मुकादम माझ्याशेजारी भाकरी खायला बसला. आत्ता कुणी हात लावला नव्हता, आवाज चढवला नव्हता. तरी मला त्या खोलीतून बाहेर जाताना तिघांच्या टेबलांपुढून जायचं आहे, एवढ्यानंच पाय उचलेना. नऊ वर्षं त्या तिघांनी माझ्यामागून झाडून घेतलं होतं आणि मी पुढं चालत होतो.

"तिला परत बोलवा," मी म्हटलं.

"न विचारता बदल केलाच ना तिनं. आज सगळं बुडालं असतं."

"विचारलं होतं तिनं. उत्तर कुणी दिलं नाही."

सर म्हणाले, "कोणत्या तोंडानं बोलवू? तुम्हीच बोला तिच्याशी. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

नसीमच्या वसतिगृहात गेलो तर ती मिरजेची एसटी धरून गेली होती. पत्ता मिळाला. रविवारी मी स्वारगेटहून बसलो.

दर्ग्याच्या मागच्या गल्लीत दुकान सापडलं. दुकान म्हणजे एक फळी, वर पत्रा आणि पायानं फिरवायचं धार लावायचं चाक. चाकावर तिचे वडील दस्तगीरभाई होते. काटक माणूस, पांढरी दाढी, हातात शिंप्याची कात्री. मी नाव सांगताच ते उठले आणि फडक्यानं स्टूल पुसलं.

"तात्या न्हवं तुम्ही? या, या. पोरगी सारखी नाव घेते. नसीम, बघ कोण आलंय. च्या टाक."

आतून तिचा आवाज आला. मग ती पडद्याआडून डोकावली. मला बघून तिनं वडिलांकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं, आणि मान किंचित हलवली. नको, अशी.

"चार दिस रजा हाय म्हणाली," दस्तगीरभाई चाक फिरवत म्हणाले. "म्हटलं बरं झालं, घरचं खाईल. तिकडं कसं हाय तिचं काम?"

"चांगलं आहे."

"तुमच्याकडनं लई शिकतीय. मला सांगत होती, तात्यांनी लिहिलेलं आख्खं ऑफिस वापरतंय, आणि त्याला कुणी हात लावायला धजत न्हाई."

ती चहा घेऊन बाहेर आली होती. हे वाक्य तिनं ऐकलं. बश्या ठेवताना खाली बघून म्हणाली, "अब्बा, तात्या दमून आलेत. चहा घेऊ देत."

तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. नोकरी गेली हे वडिलांना कळलं, की चुलत्यांना कळणार; म्हणून एक कारण. पण मी केलेलंही सांगितलं नव्हतं. माझं नाव तिनं घरात होतं तसंच ठेवलं होतं. सरांनी, अविनाशनं, कुंदाताईंनी जे केलं तेच आता तीही करत होती. तेवढं मला सोसेना.

"दस्तगीरभाई, ती रजेवर नाही," मी म्हटलं. "तिला काढलंय."

चाक फिरत होतं, पण कात्री उचलली गेली.

"तात्या, असू दे," नसीम म्हणाली. "तसं काही नाही अब्बा, मी..."

"तू थांब," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "का?"

मी सांगितलं. फडताळ, वाटणी, गळणारं टोक, तिनं केलेली दुरुस्ती. मी सगळ्यांसमोर काय बोललो तेही. त्यांनी मधेच तोडलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, "तिचं बरोबर होतं?"

"होय."

"तुम्हाला ते कवा कळलं? नंतर?"

"नाही. तिथंच कळलं होतं."

"आणि साहेबानं तिला आत बोलावलं तवा तुम्ही कुठं होता?"

"तिथंच होतो. माझ्या टेबलाशी."

दस्तगीरभाईंनी मान हलवली. कात्री चाकाला लावली आणि धार पुरी केली. एक पातं, मग दुसरं. ठिणग्या उडत होत्या. फडक्याच्या चिंधीवर त्यांनी कात्री चालवून बघितली, गिऱ्हाइकाच्या खणात ठेवली, हात पुसले.

"च्या घ्या," ते म्हणाले. "गार झाला."

मी घेतला.

स्टँडवर सोडायला नसीम आली. उसाच्या रसवंतीपाशी थांबून तिनं विचारलं, "सरांनी पाठवलं तुम्हाला?"

"मी आलो. सर म्हणाले, तू परत येणार असशील तर त्यांची ना नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"ये, म्हणतो."

"अब्बांना सांगितलंत ते बरं केलंत असं म्हणणार नाही मी," ती म्हणाली. "आता चुलते दारात बसतील. पण तुम्ही इथं येऊन माझ्या घरी सांगितलंत. ओरडला होतात कुठं?"

"ऑफिसात."

"मग तिथं सांगा की. मी सोमवारी येते. सगळे असताना बोला. नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं परत."

सोमवारी ती आली. सगळे आपापल्या जागी बसल्यावर मी उभा राहिलो. हात कुठं ठेवायचे कळेना, म्हणून खुर्चीची पाठ धरली.

"वाटणी पहिल्यापासून चुकलेली होती," मी म्हटलं. "चूक माझी. तुम्ही सगळ्यांनी ठिगळं लावलीत, मला सांगितलं नाहीत. नसीमनं सांगितलं, तर मी तिला बोललो. तिचं बरोबर आहे हे कळत असताना बोललो. तिची नोकरी जात होती तेव्हा गप्प बसलो."

मला वाटलं होतं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. म्हणालेच.

"अहो तात्या, चूक कसली त्यात," कुंदाताई म्हणाल्या. "आम्हाला सवय होती. त्रास काहीच नव्हता."

"त्या काळची यंत्रंच तशी होती," अविनाश म्हणाला. "तेव्हा कुणीही तसंच लिहिलं असतं."

"तात्या, बसा," सर म्हणाले. "पाणी घ्या थोडं."

तिघेही माझ्याकडं बघून हसत होते, आजाऱ्याकडं बघून हसतात तसं. मी बोललो ते त्यांनी तिथल्या तिथं पुसून टाकलं. चूक माझी आहे असं मी सांगत होतो, आणि ती माझ्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं. पाहुण्यांपुढं हात जोडून उभा राहायचो तसाच मी खुर्ची धरून उभा होतो.

"नसीम, तू सांग," मी म्हटलं.

ती आपल्या कोपऱ्यातून म्हणाली, "चूक होती. साधी होती, पण चूक होती. आणि ओरडलात ती दुसरी."

अविनाशनं श्वास आत घेतला तो ऐकू आला.

"आणखी?"

"सांधणीत पण एक आहे. दोन याद्या सारख्या लांबीच्या नसल्या, तर मोठीचं उरलेलं टाकून देते. कुणाला न सांगता." ती उठून माझ्या टेबलाशी आली. "दाखवू?"

"दाखव."

मी बसलो. ती शेजारी उभी राहून पडद्यावर बोट ठेवत सांगत गेली आणि मी ओठ हलवत वाचत गेलो. कान तापले होते. तिघे ऐकत होते हे पाठीला कळत होतं. पहिल्या दुरुस्तीत मी पुन्हा चुकलो. ती म्हणाली, "नाही तात्या, अजून गळतंय." दुसऱ्यांदा जमलं. मग अविनाश आपली खुर्ची ओढून आला आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "माझ्याकडची ठिगळं काढायला लागतील आता. वाटणीची तेवीस ठिकाणी आहेत." कुंदाताईंनी त्यांची काढायला तो आठवडा घेतला. सरांनी स्वतःची सगळ्यांत शेवटी काढली.

त्यानंतर पाहुणे आले, की मी टेबलाशी नसायचो. सरांनीही विचारलं नाही.

नसीम आमच्याकडं सहा वर्षं होती. चुलते वर्षभर दस्तगीरभाईंशी बोलत नव्हते, मग बोलायला लागले. मी नवं काही लिहिलं, की आधी तिला द्यायचो. ती वाचायची आणि जे असेल ते म्हणायची, सगळ्यांदेखत, डबा खाता खाता. "तात्या, हे रिकाम्या यादीवर मरतंय." "तात्या, हे कशाला लिहिलंत, चाळणीनं होतंय की." दरवेळी माझे कान तापायचे. त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही, आणि तिनंही सांगायचं सोडलं नाही. बाकीचे तिघे मात्र तिच्यादेखत स्पष्ट बोलायचे आणि ती जेवायला बाहेर गेली की पुन्हा मऊ व्हायचे. तसेच राहिले.

मी निवृत्त झालो त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर बंगळूरला गेली. जाईपर्यंत फडताळ तीच सांभाळत होती.

परचुरे सर २००९ साली, दिवाळीच्या आधी गेले. नसीम दस्तगीर शिकलगार २०१४ च्या सप्टेंबरात, तीन तारखेला, बंगळूरला डेंग्यूनं गेली. ती एकेचाळीस वर्षांची होती.